चौथऱ्यावरचे इंजिन की धावते इंजिन?

१६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी बोरीबंदरहून ओढलेली गाडी ज्या ठाण्यात पोहोचली, तेथे जुने वाफेचे इंजिन चौथऱ्यावर उभे करावे की पुन्हा चालवावे? चौथऱ्यावर खर्च कमी; मात्र आपल्या पावसाळ्यात वरचा काळा रंग चकाकत असताना आतला पत्रा गंजतच राहतो. बॉयलर शाबूत असेल, तर माझा कौल चालवण्यालाच आहे. हे काम खर्चिक आहे, कारण बॉयलरमधून गरम धूर नेणाऱ्या गंजलेल्या धूरनळ्या बदलून, बॉयलरमध्ये पाणी भरून दाबाची चाचणी घ्यावी लागते आणि थंड इंजिनाला वाफ धरायला कित्येक तास लागतात. तरीही १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावू लागलेच.