दहा महिन्यांत चार वेळा गेलेला आवाज: लॅपटॉप वापरानंतरचा अनुभव

बाबांसाठी घेतलेल्या लॅपटॉपला आता दहा महिने झाले. स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड सगळं उत्तम चाललंय, त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते आवाजाबद्दल. तो आतापर्यंत चार वेळा गेला आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं. बाबा ७२ वर्षांचे, मी दुसऱ्या गावात. त्यामुळे सगळी दुरुस्ती फोनवरून, समोरचा स्क्रीन न दिसता करावी लागली. विंडोज ११ वापरणाऱ्या आणि घरातल्या मोठ्या माणसांना अशीच मदत करणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

पहिल्यांदा बाबांचा फोन आला, "अगं, बातम्यांचं चित्र दिसतंय, पण आवाजच नाही." म्यूटचं बटण पाहिलं, आवाजाची पट्टी पूर्ण वर होती. अर्धा तास गेला. मग बाबाच म्हणाले, "थांब जरा, ड्रॉवरमधून कोणीतरी बोलतंय." ब्लूटूथ हेडफोन बंद न करताच ड्रॉवरमध्ये ठेवले होते आणि सगळ्या बातम्या तिथे चालू होत्या!

तेव्हापासून आवाज गेला की मी आधी एवढंच विचारते, आवाज जातोय कुठे? कारण बऱ्याचदा तो गेलेला नसतो, भलत्याच ठिकाणी वाजत असतो. टीव्हीला एचडीएमआय केबल लावलेली असली तरी हाच प्रकार होतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं की आवाजाच्या पट्टीशेजारी एक छोटं बटण दिसतं. ते दाबलं की जोडलेल्या उपकरणांची यादी येते, त्यातून लॅपटॉपचा स्पीकर निवडायचा.

फोनवरून निदान करायला मला सगळ्यात कामाची वाटलेली जागा मात्र वेगळी आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात साउंड, आणि अगदी तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज'. एक जुन्या पद्धतीची छोटी खिडकी उघडते. काहीतरी वाजत ठेवून ती बघायची. प्रत्येक उपकरणापुढे एक उभी पट्टी असते आणि ज्याच्याकडे आवाज पोचतोय त्याची पट्टी हिरवी होऊन खालीवर हलते. बाबांना मी एवढंच विचारते, "बाबा, तुम्ही काही दाबू नका. फक्त सांगा, हिरवं कुठे हलतंय?" स्पीकरसमोर हलत असेल तर लॅपटॉप आवाज पाठवतोय, अडचण त्याच्या पुढे आहे. दुसऱ्याच नावासमोर हलत असेल तर निवड चुकलीय. कुठेच हलत नसेल तर प्रोग्रॅमचा आवाज बंद आहे किंवा ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजकडून स्पीकरसारखं उपकरण चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, काहीतरी बिनसलंय.

दुसऱ्या वेळी हिरवं व्यवस्थित हलत होतं, पण नाव होतं 'हेडफोन'. गंमत म्हणजे लॅपटॉपला काहीच जोडलेलं नव्हतं. दोष निघाला हेडफोनची पिन घालतो त्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात. पिन आत गेली की ते तिथल्या बारीक स्विचमुळे लॅपटॉपला कळतं. तिथे कापसासारखा कचरा साचला की तो स्विच अडकतो आणि पिन काढली तरी लॅपटॉपला ती आतच आहे असं वाटत राहतं. लॅपटॉप बंद करून पिन आठ-दहा वेळा घालायची-काढायची, मग कोरड्या मऊ ब्रशने अलगद झाडायचं. बाबांच्या पिनेच्या टोकाला राखाडी लोकरीसारखा गोळा चिकटून आला आणि आवाज परतला. सुई किंवा सेफ्टी पिन आत अजिबात घालू नका, आतल्या बारीक पट्ट्या वाकतात.

तिसऱ्या वेळी मी खरंच घाबरले. एका अपडेटनंतर यादीत स्पीकरचं नावच दिसेना. सेवा केंद्राने लॅपटॉप न बघताच सांगितलं की आतला बोर्ड बदलावा लागेल. याचा मला अजूनही राग आहे. ज्याला यातलं काही कळत नाही तो माणूस असं ऐकून लगेच पैसे मोजायला तयार होतो. प्रत्यक्षात डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, साउंडच्या गटातल्या ऑडिओ उपकरणावर राइट क्लिक करून ते अनइन्स्टॉल केलं, ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण केली नाही, आणि रीस्टार्ट केलं. विंडोजने ड्रायव्हर पुन्हा बसवला. दहा मिनिटांचं काम.

इथे शट डाउन नव्हे, रीस्टार्टच करायचं. फास्ट स्टार्टअप ही लॅपटॉप लवकर सुरू करण्याची विंडोजची सोय चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं, त्यामुळे बिघाडही तसाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. बाबा त्याआधी तीनदा बंद-चालू करून थकले होते, ते यामुळेच.

चौथी वेळ किरकोळ होती. ब्राउझरमध्ये एकाच साइटचा आवाज बंद झाला होता, टॅबवर राइट क्लिक करून अनम्यूट केला. एकच प्रोग्रॅम मुका झाला असेल तर स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा, तिथे प्रत्येकाची पट्टी वेगळी असते.

आता या लॅपटॉपबद्दल. स्पीकर खालच्या बाजूला आहेत. टेबलावर आवाज खणखणीत येतो, पांघरुणावर ठेवला की दबतो. बाबांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे हा फरक त्यांना जाणवतो. पुन्हा घ्यायचा झाला तर मी कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना स्पीकर असलेला घेईन.

गेल्या महिन्यापासून आवाज ७०च्या वर नेला की फरफर ऐकू येते. हेडफोनमध्ये तेच गाणं स्वच्छ वाजतं. साउंडमध्ये स्पीकरच्या डाव्या-उजव्या पट्ट्या आळीपाळीने शून्यावर नेऊन पाहिलं, फरफर फक्त डावीकडून येते. म्हणजे हा स्पीकरच खराब झालाय, कुठल्याही सेटिंगने बरा होणार नाही. वॉरंटीचे दोन महिने उरलेत. पुढच्या आठवड्यात मी बाबांकडे जातेय, तेव्हा तो बदलून घेणार आहे, आणि या वेळी लॅपटॉप उघडून दाखवल्याशिवाय कुठल्याच खर्चाला हो म्हणणार नाही.