रात्रपाळीच्या ओलितात ऐकलेला होमर : एका श्राव्य पाठ्यमालेचा परिचय

आमचे शेत आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून फार लांब नाही. यंदाच्या रब्बीत शेतीपंपाची लाईन बहुतेक आठवडे रात्रीची असल्यामुळे हरभरा आणि गहू यांचे ओलीत रात्रीच करावे लागले, आणि त्या जागलीच्या सोबतीसाठी मी आरंभीच्या ग्रीक महाकाव्यावरची एक श्राव्य पाठ्यमाला १,४५० रुपये देऊन मोबाईलवर विकत घेतली. अर्ध्या-अर्ध्या तासाची २४ व्याख्याने, शिवाय होमरच्या 'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांतील निवडक सर्गांचे इंग्रजी भाषांतरातून केलेले वाचन, असे तिचे स्वरूप आहे. दोन महिन्यांत मी ती पूर्ण ऐकली आणि काही भाग तीनदा ऐकले. विकणाऱ्या सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्याविषयी माझी तक्रार आहे आणि ती पुढे येईलच. आधी मालाविषयी लिहितो.

पाठ्यमालेचा सर्वांत सरस भाग म्हणजे मौखिक रचनेवरची चार व्याख्याने. 'इलियड' सुमारे १५,७०० ओळींचे आणि 'ओडिसी' सुमारे १२,१०० ओळींचे आहे; एवढे काव्य लिपीच्या आधाराशिवाय कसे उभे राहिले असेल, या प्रश्नावर विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने त्याचे उत्तर ग्रंथालयात न शोधता १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या गावांमधून शोधले. सोबत अल्बर्ट लॉर्ड हा तरुण शिष्य होता. एकतारी गुस्ल्यावर वीरगाथा गाणाऱ्या गायकांची गाणी त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. त्यांपैकी अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने बारा हजारांहून अधिक ओळींची एकच कथा सांगितली, म्हणजे जवळजवळ 'ओडिसी'एवढी. पॅरी १९३५ मध्येच, अवघ्या ३३ व्या वर्षी वारला आणि काम लॉर्डने पुढे नेले. व्याख्याता ही हकिकत घाई न करता सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो : असा गायक संपूर्ण काव्य पाठ करीत नाही, तर छंदात नेमके बसणारे तयार शब्दसमूह, ठरलेले प्रसंग आणि कथेचा सांगाडा हाताशी ठेवून प्रत्येक वेळी ते नव्याने रचतो. 'इलियड'चा नायक अकिलीस तंबूत बसलेला असला तरी 'चपळ पायांचा' असतो आणि पहाट नेहमी 'गुलाबी बोटांची' असते, ते याचमुळे. ओळीत उरलेली जागा मोजूनच ते विशेषण आलेले असते.

हे समजावण्यासाठी व्याख्यात्याने फार कष्ट घेतले आहेत, कारण त्याचा श्रोता छापील पुस्तकावर वाढलेला आहे. आपल्याकडच्या श्रोत्याला एवढे समजावावे लागणार नाही. एकच आख्यान कीर्तनकार तळेगावात पाऊण तासात आणि आष्टीत अडीच तासांत लावतो. ओव्या त्याच, दृष्टान्त तेच, आणि तरीही दोन्ही कीर्तने निराळी असतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडचे परधान गायक किंगरीवर गोंड कुळांच्या वंशावळी आणि देवकथा आपल्या यजमानांच्या दारी गातात व त्याबद्दल दान घेतात. 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात फायेशियन राजाच्या पंगतीला बसलेला अंध गायक डेमोडोकस ऐकताना मला आधी त्यांचीच आठवण झाली. काव्याचा नायक ओडिसियस स्वतःच्या ताटातला डुकराच्या पाठीचा मांसल तुकडा कापून त्याला पाठवतो, तेव्हा त्या समाजात गायकाचा मान कोठे होता हे एका घासातून कळते.

एका ठिकाणी मात्र व्याख्यात्याची गल्लत झाली आहे असे मला वाटते. 'स्मरणशक्ती' या एकाच शब्दात तो दोन वेगळ्या गोष्टी घालतो. म्हाइंभटांनी ऋद्धपुरात चक्रधरस्वामींच्या लीळा अनुयायांच्या आठवणींतून जमवल्या, तेव्हा त्यांचा आग्रह स्वामींचा शब्द जसाच्या तसा मिळावा असा होता; वेदपाठकाचाही आग्रह तोच असतो. युगोस्लाव्हियाचा गायकही 'मी शब्द न्‌ शब्द तसाच गातो' असे म्हणतो, पण तबकड्या तपासल्या तर तो तसे गात नाही. 'शब्द' कशाला म्हणायचे याचीच कल्पना दोघांची वेगळी आहे, आणि होमर लिपीत कसा उतरला हा प्रश्न या फरकावरच अवलंबून आहे. फिनिशियन लिपीवरून ग्रीकांनी आपली अक्षरे घेतली आणि स्वरांनाही स्वतंत्र चिन्हे दिली. इटलीजवळच्या इस्किया बेटावर सापडलेल्या, इ.स.पू. आठव्या शतकातल्या एका मातीच्या पेल्यावर ती अक्षरे आधीच 'इलियड'मधल्या नेस्टरच्या पेल्याची थट्टा करताना दिसतात. या पेल्यावर पूर्ण व्याख्यान हवे होते. मिळाली ती चार मिनिटे.

समाजाविषयीची व्याख्याने संमिश्र आहेत. ग्रीसमधल्या आधीच्या मायसीनी संस्कृतीचे राजवाडे इ.स.पू. १२०० च्या सुमारास कोसळले आणि महाकाव्ये त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी आकाराला आली, हे अंतर तो नीट दाखवतो. काव्यात शस्त्रे काशाची आहेत, पण मृतांना दहन दिले जाते, जे मायसीनी रीतीत क्वचितच होते. रथ आहेत, पण वीर त्यांचा वापर रणांगणात उतरण्यापुरता करतात, जणू रथ लढाईत कसा वापरतात हे गायकाला माहीत नसावे. आणि 'इलियड'च्या दहाव्या सर्गात रानडुकराच्या सुळ्यांनी मढवलेले एक शिरस्त्राण अचानक येते, जे गायकाच्या काळाच्या कितीतरी आधीच वापरातून गेले होते. १९५२ मध्ये मायकेल व्हेन्ट्रिसने मायसीनी काळची लिनिअर बी लिपी उलगडल्यावर त्यात राजासाठी 'वनाक्स' हा शब्द आढळला, तर 'बासिलेउस' शब्दाचा पूर्वज हा एका स्थानिक, खालच्या दर्जाच्या प्रमुखाचा हुद्दा निघाला. होमरमध्ये हाच बासिलेउस राजा झालेला आहे आणि एकट्या इथाकेत असे बरेच बासिलेउस आहेत. वरची सत्ता गेली आणि गावपातळीवरचा हुद्दाच मुकुट घालून बसला. वतने जाऊन दशके लोटली तरी देशमुखी आडनावात आणि पंगतीच्या पहिल्या पाटावर टिकून राहते, हे पाहिलेल्या वैदर्भीय वाचकाला ही गोष्ट लवकर पटेल. जिच्यापायी ट्रॉयचे युद्ध झाले त्या हेलनच्या व्याख्यानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नदीपलीकडच्या कौंडण्यपुराची रुक्मिणी स्वतः पत्र पाठवून आपले हरण करवून घेते, हे ऐकत वाढलेल्या माणसाला 'हेलन स्वेच्छेने गेली की पळवली गेली' या चर्चेतला अर्धा तास लांबच वाटतो.

आता ज्या रात्रीसाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले ती सांगतो. साडेअकराला लाईन आली. मी दांडाच्या तोंडाशी फावडे घेऊन उभा होतो आणि कानात 'इलियड'च्या एकविसाव्या सर्गाचे वाचन चालू होते. प्रेतांनी तुंबलेली स्कामांड्रॉस नदी चिडून अकिलीसच्या पाठीस लागते. तिच्या लोंढ्याला होमर उपमा देतो ती अशी : माणूस झऱ्याचे पाणी पाट काढून रोपांकडे नेत असतो, हातात कुदळ घेऊन पाटातले अडथळे फोडतो, पाणी खालचे खडे लोटत उताराने खळाळत सुटते आणि नेणाऱ्यालाच मागे टाकते. नेमक्या त्याच वेळी माझा बांध फुटला, पाणी दोन सऱ्या सोडून तिसरीत शिरले आणि ते अडवायला मी चिखलातून धावलो. वाचन तसेच चालू राहिले. ओलीत केलेल्या माणसाखेरीज कोणाला ही उपमा सुचणार नाही, हे त्या क्षणी मला एखाद्या टीकाग्रंथाची गरज न लागता कळले. बाराव्या सर्गातही असाच धक्का बसतो : तटावर लढणाऱ्या दोन सैन्यांना होमर सामाईक शेतात मोजणीच्या काठ्या हातात घेऊन हद्दीच्या दगडांवरून भांडणाऱ्या दोन माणसांसारखे म्हणतो. धुऱ्यावरचे भांडण न पाहिलेले गाव आमच्या तालुक्यात नसेल. आणि अकराव्यात तर मागे हटणारा ग्रीक वीर एजॅक्स हा पिकात शिरलेला गाढव आहे. पोरे काठ्या मोडेपर्यंत मारतात, पण पोट भरल्याशिवाय तो हलत नाही.

या उपमा व्याख्यात्याने 'युद्धाच्या भीषणतेत शांततेचे क्षण' अशा एका वाक्यात उरकल्या आहेत. मला हे अन्यायाचे वाटते. वीरांचे भाले गायकाला परंपरेने दिले. गाढव, धुरा आणि दांड त्याने स्वतः पाहिलेले आहेत, आणि त्याचे श्रोतेही त्यांनाच ओळखत होते. त्या समाजाकडे पाहायचे तर या खिडकीतून पाहायला हवे. अठराव्या सर्गातल्या अकिलीसच्या ढालीवर तिसऱ्यांदा नांगरले जाणारे शेत आहे, तास संपताच नांगऱ्याच्या हाती मद्याचा पेला देणारा माणूस आहे, आणि खुनाच्या भरपाईवरून भांडणाऱ्या दोघांचा निवाडा करायला घासलेल्या दगडांवर वर्तुळात बसलेले वृद्ध आहेत. चावडी वेगळी ती काय असते?

याच दृष्टिदोषामुळे हेसिअड या दुसऱ्या आरंभीच्या ग्रीक कवीला २४ पैकी एकच, सतरावे, व्याख्यान मिळाले आहे. विदर्भातल्या वाचकाने मालिका घेतलीच तर मी त्याला सांगेन की सतराव्या भागापासून ऐका. हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी आस्क्रा नावाचे गाव. 'हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात असह्य आणि चांगले कधीच नाही' असे कवी स्वतःच आपल्या गावाबद्दल म्हणतो. भाऊ पर्सेस याच्याशी बापाच्या इस्टेटीची वाटणी झाली आणि त्याने लाचखाऊ सरदारांना हाताशी धरून जास्तीचा वाटा उपटला, ही त्याची तक्रार आहे. 'कामे आणि दिवस' या ८२८ ओळींच्या काव्यात तो त्या भावाला उपदेश करतो, आणि तो उपदेश थेट शेताचा आहे. कृत्तिका उगवल्या की कापणीला लागा, मावळल्या की नांगर धरा. उगवण्याआधी त्या चाळीस रात्री आणि चाळीस दिवस दिसत नाहीत. क्रौंचांची हाक आकाशातून आली की नांगरणीची वेळ झाली, आणि ज्याच्याकडे बैल नाहीत त्याच्या काळजाला ती हाक चावते. नांगर दोन ठेवा, म्हणजे एक मोडला तर दुसरा जुंपता येईल. बैल नऊ वर्षांचे घ्या. नांगऱ्या चाळिशीचा असावा, कारण तरुण गडी तासाकडे न बघता सोबत्यांकडे बघतो. मृग, रोहिणी आणि कृत्तिका यांच्या हिशेबाने पेरणीचा विचार करणाऱ्या आमच्या वाडवडिलांनी या ओळी ऐकल्या असत्या तर त्यांना कवी परदेशी आहे हे नावावरूनच कळले असते. व्याख्याता मात्र हेसिअडला 'काहीसा कुरकुरा' म्हणून पुढे जातो. बैलाच्या वयापर्यंत उतरणारा कवी त्याला कुरकुरा वाटतो, यात दोष कवीचा नाही.

सेवेविषयीची तक्रार अशी. डाउनलोड केलेले भाग फोनमध्ये असूनही अ‍ॅप दर काही दिवसांनी परवाना तपासण्यासाठी इंटरनेट मागते, आणि शेतात रेंज नाही. दोन रात्री मी रिकाम्या कानांनी ओलीत केले. ग्राहक सेवेला तीन पत्रे लिहिली. तिन्ही वेळा 'फोन बंद करून पुन्हा चालू करा' असे एकच उत्तर आले. सोबतचा नकाशा आणि वंशावळी मोबाईलवर उघडल्या तर अक्षरे मुंगीएवढी दिसतात. व्याख्यानांचा लेखी पाठ दिलेला नाही, त्यामुळे ग्रीक नावे कानाने पकडून वहीत लिहिताना अर्धी चुकली. आवाज मात्र उत्तम आहे. पंपाच्या घरघरीतही स्वच्छ ऐकू येतो.

आमच्या सालगड्याला मी अधूनमधून कथा सांगत असे. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकी भेटलेला अकिलीस म्हणतो की, सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा धड जमीन नसलेल्या गरिबाच्या शेतावर मोलाने राबणे मला पत्करेल. हे सांगितल्यावर तो थोडा वेळ बिडी ओढत राहिला आणि म्हणाला, "मंग गुर्जी, तिकडं साल कितीचं व्हतं?" पाडव्याला स्वतःचे साल ठरायचे होते, त्यामुळे प्रश्न सहज आलेला नव्हता. २४ व्याख्यानांत याचे उत्तर नाही. पण त्याच एकविसाव्या सर्गात, पाण्याच्या उपमेनंतर दोनशे ओळींच्या आत, समुद्रदेव पोसायडन अपोलो देवाला आठवण करून देतो की आपण दोघांनी ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याच्याकडे ठरल्या मोलावर वर्षभर काम केले होते; मी तट बांधला, तू गुरे राखलीस, आणि वर्ष भरल्यावर त्याने मजुरी बुडवून कान कापण्याची धमकी दिली. हे मी त्याला सांगितले. त्याला ते माझ्या तोंडून नको, स्वतः ऐकायचे होते. पाठ्यमाला फक्त इंग्रजीत आहे.