माझदा आरएक्स-८ : घ्यायची तर बंद पडलेलीच घ्या

माझदाची आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार जुनी घ्यावी का, असं कोणी विचारलं की मी म्हणते, जरूर घ्या, पण चालणारी घेऊ नका. बंद पडलेली शोधा. मी तशीच घेतली. टायर बसलेले, बॅटरी मेलेली, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं बिऱ्हाड, सीटवर बुरशी. विकणाऱ्याने चावी हातात देतानाच सांगून टाकलं, "इंजिनाचं काम निघणार." भाव त्याच हिशेबाने ठरला आणि विषय संपला.

चालणाऱ्या आरएक्स-८ मध्ये गोम असते ती इथेच. हे इंजिन बऱ्यापैकी झिजलं तरी थंड असताना बिनतक्रार सुरू होतं, आणि विकणारा गाडी दाखवतो ती थंडच. तुम्ही एक फेरी मारता, मिनिटाला ९००० फेऱ्यांच्या दिशेने धावणारा काटा बघून विरघळता, पैसे मोजता. मग कधीतरी पेट्रोल भरायला थांबता, गाडी बंद करता, आणि पुन्हा सेल्फ मारला की नुसती घरघर. गरम इंजिन उठत नाही, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबून धरायची ताकद, गेलेलं असतं. म्हणजे इंजिन खोलणं आलंच, फक्त तुम्ही ते धडधाकट इंजिनाच्या भावात विकत घेतलेलं असतं.

या गाडीचं बरंवाईट सगळं तिच्या इंजिनात आहे, त्यामुळे आधी त्याचंच बघू. आत पिस्टन नाहीत. कमरेत जरा दबलेल्या लंबगोल पोकळीत एक तिकोनी रोटर घोळत फिरतो, म्हणूनच हे रोटरी इंजिन. अशा दोन पोकळ्या, दोन रोटर आणि दोघांमधून जाणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. कागदावर १३०८ सीसी. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो, म्हणून काटा ९००० वर असतानाही रोटर स्वतः मिनिटाला ३००० फेरेच घेत असतो. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, मग यात बिघडायला आहेच काय?"

आहे ना. रोटरच्या तीन टोकांवर तीन बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात. मागून स्प्रिंगचा रेटा, समोर हाऊसिंगची, म्हणजे त्या लंबगोल पोकळीची भिंत, आणि आयुष्यभर त्या भिंतीला घासत फिरायचं. त्यांना ओलं ठेवायला इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल हाऊसिंगमध्ये सोडतं आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. त्यामुळे "ही गाडी ऑइल खाते" ही तक्रार होऊच शकत नाही, तिने खायलाच हवं. उलट ऑइल कमीच होत नसेल तर मला काळजी वाटेल. एक-दोन टाक्यांआड डिपस्टिक बघायची एवढंच मालकाचं काम. तेवढंही ज्यांच्याकडून होत नाही, त्यांच्या गाड्या मग आपल्यासारख्यांकडे येतात.

या पट्ट्या माझदाची जुनी डोकेदुखी. १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट बाजारात येण्याआधी माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या चमूला हाऊसिंगच्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांनी अगदी जेरीस आणलं होतं. 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असंच नाव पडलं होतं त्यांना. तो प्रश्न सुटला, आणि पुढे १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या रेसिंग कारने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. तेव्हा 'रोटरी टिकत नाही' असं कोणी एका वाक्यात निकालात काढलं की मला राग येतो. अर्थात आरएक्स-८ च्या बाबतीत ही कुजबुज बिनबुडाची नव्हती. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठी कंपनीने इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. कंपन्या हे असं हौसेने करत नाहीत.

पण दुर्लक्षित आरएक्स-८ मरते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, कॉइलमुळे. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या चार इग्निशन कॉइल, चार स्पार्क प्लग, प्रत्येक रोटरला दोन-दोन. उष्णतेत राहून कॉइल हळूहळू अशक्त होतात. ठिणगी बारीक पडते, गाडी किंचित मिसिंग करते, पिकअप जरा बसतो. मालक म्हणतो, जुनी झाली, चालायचंच. इकडे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर लालबुंद होतो, आतली सिरॅमिकची जाळी वितळते, वाट तुंबते. मग धूर आणि उष्णता मागे इंजिनातच अडून राहतात, सील भाजतात. बदलायला सगळ्यात सोपा भाग वेळेवर बदलला नाही म्हणून सगळ्यात महाग भाग जातो. ही साखळी एकदा समजली की जुन्या मालकाला विचारायचा प्रश्न एकच उरतो : कॉइल कधी बदलल्या? उत्तर देताना तो अडखळला, तर कधीच नाही असं समजा.

माझ्या गाडीत ही साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सापडली. शिवाय कुणीतरी मागच्या रोटरच्या दोन प्लगच्या वायरी उलटसुलट लावून ठेवल्या होत्या. खालचा प्लग लीडिंग, वरचा ट्रेलिंग. दोन्ही प्लगांची जात वेगळी आणि ठिणगीची वेळही वेगळी. पुढचं डावं चाक काढलं की प्लगांपर्यंत नीट हात जातो, पण बहुतेक जण बॉनेटमधून वाकून अंदाजाने चाचपडतात आणि मग असले प्रकार होतात. (माझा हात लहान आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फायदा झाला.) कन्व्हर्टर उतरवून एका बाजूने बॅटरीचा झोत टाकला, तर दुसऱ्या बाजूला उजेड जेमतेम चंद्रकोरीएवढा.

तरी पाने घेऊन तुटून पडण्याआधी कॉम्प्रेशन बघायचं. पिस्टनच्या इंजिनासाठीचा साधा गेज इथे फसवतो. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन वेगळी कॉम्प्रेशन, आणि साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तुम्हाला वाटतं, इंजिन ठणठणीत. रोटरीसाठीचा टेस्टर तिन्ही आकडे वेगळे देतो आणि सेल्फ कोणत्या वेगाने फिरला तेही सांगतो. तो वेगही महत्त्वाचा, कारण कमजोर बॅटरीवर चांगलं इंजिनही वाईट दिसतं. मिनिटाला २५० फेऱ्यांना ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हा नव्या इंजिनाचा आकडा, ६.९ च्या खाली गेलं की इंजिन नापास. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त आणि दोन रोटरमध्ये १ पेक्षा जास्त फरक चालत नाही. टेस्टर मिळालाच नाही तर साध्या गेजमधला दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि काटा बघा. तीन सारख्या उड्या आल्या तर बरं. दोन उड्या आणि एक लंगडी, तर त्या बाजूचं सील गेलं. आकडा मिळत नाही, पण निदान होतं. माझ्या पुढच्या रोटरने तिन्ही उड्या सारख्या मारल्या. मागचा लंगडत होता.

इंजिन बाहेर काढणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. ते लहान आहे, बरंच खाली आणि पुढच्या चाकांच्या मागे बसवलेलं आहे. वेळ खातात ते भोवतालचे पाइप, वायरी आणि गंजून एकजीव झालेले एक्झॉस्टचे नट. नटांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, घाई केलीत तर स्टड तुटेल. आतलं काम मी रोटरीच करणाऱ्या एका कारागिराकडे दिलं आणि तुम्हीही तसंच करा. पाच थर एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेले असतात : बाजूच्या आणि मधल्या तबकड्या लोखंडी, हाऊसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. दोन धातू तापल्यावर वेगवेगळे पसरतात, म्हणून हे इंजिन एकदा जरी सडकून हीट झालं तरी थरांमधली पाण्याची सील दगा देतात. माझ्या नशिबाने पाण्याची बाजू शाबूत होती. मागच्या रोटरचं एक सील कडेला तुटलेलं होतं, आणि सगळ्यात मोठी धास्ती होती ती त्या तुकड्याने हाऊसिंगचा क्रोम खरवडला असेल याची. क्रोमचे पापुद्रे निघाले की हाऊसिंग भंगारात. ते वाचलं. सील, स्प्रिंगा, ओ-रिंगा सगळ्या नव्या टाकल्या, बाजूच्या तबकड्या घासून सपाट करून घेतल्या. कॉइल, प्लग, वायरी, सेल्फची मोटर आणि कन्व्हर्टर हे सगळं त्याच खेपेला बदललं. जुन्या कॉइल नव्या इंजिनावर लावणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं इंजिन पुन्हा खोललं जातं.

रेडिएटर आणि पुढच्या कोपऱ्यांतले ऑइल कूलर मात्र बहुतेक जण विसरतात. बंपर उतरवून बघा, कूलरच्या जाळीत वर्षानुवर्षांचा पाचोळा घट्ट बसलेला असतो. हे इंजिन थंड राखण्यात ऑइलचा वाटा मोठा असल्याने तिथे हयगय चालत नाही.

आता गाडी. या गाडीसाठी एवढा खटाटोप का करावा, याचं उत्तर पहिल्याच वळणावर मिळतं. पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं, सस्पेन्शन पुढे डबल विशबोन, मागे मल्टिलिंक, इंजिन जमिनीलगत. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, मागची बाजू मुकाट्याने त्याच्या मागोमाग येते, मध्ये कुठे विचार करत थांबत नाही. ब्रेक मजबूत, गिअरचा दांडा आखूड आणि नेमका. बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे टाकले तर ही गाडी आजच्या कितीतरी महागड्या गाड्यांना वळणांवर लाजवेल, असं माझं ठाम मत आहे. दरवाजे हा आणखी एक मजेदार भाग. मागचे छोटे दरवाजे उलट्या बाजूने उघडतात, मधे खांबच नाही, त्यामुळे मागे दोन मोठी माणसं खरोखर बसतात. माझी आई बसते आणि कुरकुरत नाही. दोन दारांच्या कुठल्याही स्पोर्ट्स कारमध्ये ती बसली नसती.

आवाज हा मतभेदाचा विषय. वर जाताना इंजिन गुरगुरत नाही, गुणगुणतं, आणि इतकं सहज चढतं की बझर वाजला नाही तर गिअर बदलायचं भान राहत नाही. पण खालच्या रेसला दम नाही. टॉर्क २११ न्यूटन-मीटर, तोही ५५०० फेऱ्यांना. गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्याला ही गाडी आळशी वाटेल. अ‍ॅव्हरेजचं विचारू नका. खरंच नका विचारू. दुप्पट मोठ्या इंजिनाच्या गाड्या तेवढ्या पेट्रोलमध्ये तेवढ्याच लांब जातात.

एक सवय लावून घ्यावीच लागते. थंड गाडी सुरू करून दहा फूट पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची, हे हिला चालत नाही. पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी ती उठतच नाही. सुरू केलीत तर गरम होऊ द्या, मगच बंद करा. भिजलीच, तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा, त्याने इंजेक्टर पेट्रोल सोडणं थांबवतात. तरी नाही उठली तर प्लग काढून वाळवायचे. भाच्याने एकदा गाडी धुवायला म्हणून अंगणातून पुढे घेतली आणि बंद केली. त्यानंतर त्याला प्लग काढता येतात.

घेताना इंजिनापेक्षा पत्रा जास्त काळजीने बघा. मागच्या चाकांच्या कमानी आणि दाराखालच्या सिल (पत्र्याचे उंबरठे, इंजिनातली सील नव्हेत) आतून गंजतात, वरून रंग चकचकीत असतो. बोट दाबून बघा, कार्पेट उचलून बघा. रोटर, हाऊसिंग, सील सगळं पुन्हा मिळतं. कुजलेली सिल दुरुस्त करायची म्हणजे कापाकापी, आणि ती नीट करणारा माणूस मिळणं रोटरीवाला मिळण्याइतकंच अवघड.

राहिला प्रश्न कोणती घ्यायची याचा. गाडी २००३ ते २०१२ बनली. युरोपात ती १९२ आणि २३१ हॉर्सपॉवर अशा दोन तऱ्हेने मिळायची. ९००० वर पळणारी ती २३१ वाली, सहा गिअरची. २००९ च्या आसपास आलेल्या सुधारित गाडीत प्रत्येक हाऊसिंगला ऑइल सोडायची दोनऐवजी तीन तोंडं आहेत, आणि रोज वापरायची असेल तर मी तीच शोधीन. पण त्या कमी सापडतात आणि बंद पडलेल्या तर त्याहून कमी. इंजिन असंही खोलणारच असाल तर जुनी २३१ वाली, पत्रा कोरा, इंजिन मेलेलं, ही माझ्या मते सगळ्यात शहाणी निवड. १९२ वाली तेवढीच नाजूक, तेवढीच पेट्रोल पिणारी, फक्त काटा वर जात नाही. तिच्यावर एवढी मेहनत मी घेणार नाही.