लहान मुलांसाठी मास्कवाला स्पेसर : सहा महिने वापरल्यानंतर

मुलगी 3 वर्षांची, बालदमा. आधी घरी नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करणारं मशीन) होता, त्याचा आवाज आणि दहा मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे रोजची रडारड, म्हणून डॉक्टरांनी इनहेलरसोबत हा स्पेसर (इनहेलर आणि तोंडाच्या मध्ये लावायची पोकळ नळी) घ्यायला सांगितला आणि खरं सांगते, मला आधी विश्वासच बसला नाही की एवढ्याशा प्लास्टिकच्या नळीने काही होईल. पण 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) मुलांच्या दम्याच्या अटॅकमध्ये स्पेसर नेब्युलायझरइतकाच उपयोगी दिसलाय, आणि इमर्जन्सीत मुलांना थांबावंही कमी लागलं. ज्यांनी हे तपासलं त्यांचे मनापासून आभार!

सिलिकॉनचा मास्क मऊ आहे, गालावर नीट बसतो, फट राहिली तर औषध बाहेरच जातं त्यामुळे हे फार महत्त्वाचं. इनहेलर हलवायचा, एकावेळी एकच पफ, मग पाच-सहा श्वास शांतपणे. व्हॉल्व्ह हलताना दिसतो म्हणून श्वास मोजता येतात, हे मला सगळ्यात आवडलं.

धुताना साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा, फडक्याने पुसलं की आत स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटतं, हे बॉक्सवर इतक्या बारीक अक्षरात का लिहिलंय कळत नाही, त्याचा एक स्टार कापला.