फॉर्म २२९० : टपालाने पाठवावा की ऑनलाइन भरावा?

फॉर्म २२९० म्हणजे अमेरिकेत जड वाहनांच्या रस्तावापरावर दरवर्षी भराव्या लागणाऱ्या केंद्रीय कराचे विवरणपत्र. तिथे स्वतःच्या नावावर एकच ट्रक असलेल्या मालकाला हा प्रश्न दर जुलैत पडतो. करात निवड करण्यासारखे काही नाही. ८०,००० पौंड वजनासाठी नोंदलेल्या गाडीला वर्षाला ५५० डॉलर भरावेच लागतात. पंचवीस किंवा त्याहून अधिक गाड्या असणाऱ्यांना ऑनलाइन भरणे सक्तीचे असल्यामुळे मार्ग निवडण्याची मुभा आपल्यासारख्या लहान मालकांनाच उरली आहे. मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे आणि दोन्हींबद्दल मला काही अंशी आदर आहे.

टपालाच्या बाजूने प्रथम बोलतो. त्यात पाकीट आणि तिकीट यांपलीकडे खर्च नाही. ऑनलाइन भरायचे तर आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याने, मान्यता दिलेल्या खासगी सेवेमार्फतच जावे लागते आणि तिचे शुल्क वेगळे पडते. कर सरकारचा आणि तो भरण्याची दक्षिणा तिसऱ्याला, हे मला आजही थोडे खटकते. शिवाय धनादेश स्वतःच्या हाताने लिहून पाकिटात घातला की पैसे कुठे गेले याविषयी मनात शंका राहत नाही.

माझे मत फिरले ते एका अक्षरामुळे. माझ्या ट्रकच्या व्हिन नंबरात, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, एक ‘एस’ आहे. त्या सतरा अक्षरी ओळीतून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम वगळलेली असतात. ‘एस’ आणि पाच यांच्यावर मात्र ती मेहेरनजर झालेली नाही. मी फॉर्म पेनाने भरून पाठवला आणि साधारण पाच आठवड्यांनी शेड्युल वनची, म्हणजे कर भरल्याचा पुरावा ठरणाऱ्या जोडपत्राची, प्रत शिक्का होऊन परत आली. नंबर प्लेटच्या नूतनीकरणासाठी ती घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी गाडीच्या टायटलवर (मालकीच्या दाखल्यावर) बोट ठेवले, मग माझ्या कागदावर ठेवले आणि अगदी सौम्यपणे विचारले की हा पाच आहे ना? शिक्का सरकारचा होता, पण अक्षर माझे होते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुरुस्तीचा फॉर्म पुन्हा टपालाने गेला, वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि दरम्यान प्लेटची मुदत संपल्यामुळे गाडी दारात उभी राहिली.

फॉर्म टाइप करून छापता येतो, हे मान्य आहे आणि पुढच्या वर्षी मी तसेच केले. त्या वेळी चूक झाली नाही, पण झाली असती तर तितकेच आठवडे गेले असते, ही धाकधूक शिक्का येईपर्यंत गेली नाही. त्यानंतर मी ऑनलाइन वळलो.

ऑनलाइन पद्धतही निर्दोष नाही. पहिल्याच प्रयत्नात माझा फॉर्म नाकारला गेला, कारण कंपनीचे नाव ईआयएन हा करओळख क्रमांक घेताना जसे नोंदले होते तसे मी लिहिले नव्हते. मात्र ही चूक मला त्याच संध्याकाळी, ट्रक स्टॉपवर जेवता जेवता कळली, मी ती तिथेच सुधारली आणि जेवण संपण्याआधी शिक्क्यासह शेड्युल वन फोनवर आले. ज्याचे निम्मे आयुष्य घरच्या टपालपेटीपासून शेकडो मैल दूर जाते, त्याच्यासाठी हा फरक शुल्कापेक्षा मोठा ठरावा, असे मला नम्रपणे वाटते.

तुमच्या प्लेटची मुदत वसंतात संपत असेल, अक्षर सुवाच्य असेल आणि घरी टपाल उघडणारे कोणी असेल, तर कागदी मार्गाने तुमचे काही अडणार नाही. माझी मुदत सप्टेंबरअखेर संपते आणि जुलैपासून रस्त्यावर असलेल्या गाडीचा फॉर्म ऑगस्टअखेरपर्यंत भरायचा असतो. मध्ये उरतो तो जेमतेम एक महिना. म्हणून मी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच ऑनलाइन भरून टाकतो, आणि व्हिन नंबर टाइप केल्यावर ट्रकच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहतो.