पहिली गाडी म्हणून स्प्लेंडर प्लस: दसऱ्यापासून वळवापर्यंतचा अनुभव

गेल्या दसऱ्याला स्प्लेंडर प्लस घेतली आणि आता वळवाचे पाऊस सुरू झालेत, म्हणजे उसाचा अख्खा सीझन, थंडी, ऊन सगळं या गाडीवर काढून झालंय, म्हणून आता लिहायला बसले. घर कोल्हापूरजवळ कळंब्याला, काम गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, पाचगाव-उजळाईवाडीवरनं रोजचं जाणं-येणं, आणि रविवारी मामाच्या गावाला कळ्याकडं. याआधी सायकल सोडून काहीच चालवलं नव्हतं. ज्यांची पहिलीच गाडी आहे आणि त्यातून उंची कमी आहे त्यांच्यासाठी खास लिहितेय.

घेताना घरात प्रत्येकाचं वेगळं. दादा म्हणाला, "अगं शंभर सीसी काय घेतीस, हायवेला ट्रकवाले मागनं हॉर्न देत बसतील, सरळ पल्सर 125 घे." मामीचं म्हणणं ॲक्टिव्हा घे, डिकी असती, बाजार बसतो. पप्पा एवढंच बोलले की बंद पडली तर जी गाडी तू एकटी ढकलत कडेला नेऊ शकतीस ती घे. मला पप्पांचं पटलं. स्कूटर नको होती कारण मामाकडचा शेवटचा रस्ता पाणंदीचा, स्कूटरला मागचं चाक 10 इंची, स्प्लेंडरला दोन्ही 18 इंची, खड्ड्यात मोठं चाक कमी आदळतं, हा फरक पाठीला पहिल्याच दिवशी कळतो.

आता मुख्य मुद्दा. पहिली गाडी बघताना सगळे पॉवर विचारतात, ॲव्हरेज विचारतात, माझं म्हणणं आधी वजन आणि सीटची उंची विचारा. स्प्लेंडर प्लस 112 किलो, सीट 785 मिमी. पल्सर 125 साधारण 140 किलो. क्लासिक 350 तर 195 किलो. माझी उंची पाच फूट एक इंच, स्प्लेंडरवर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात, टाचा थोड्या उचललेल्या राहतात, तेवढं पुरतं. आणि नुसता आकडा बघून पण चालत नाही, रायडर 125 ची सीट कागदावर 780 म्हणजे उलट 5 मिमी कमी, पण मला पाय टेकायला स्प्लेंडरच सोपी गेली, कारण सीट पुढच्या बाजूला रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढा खाली पोचत नाही. शोरूमला जाताना रोजच्या चपला-बूट घालूनच जा, गाडी मेन स्टँडवरनं स्वतः उतरवा, इंजिन बंद ठेवून थोडी मागं ढकला, हँडल पूर्ण वळवून एक वळसा मारा. सेल्समन म्हणेल मॅडम मी काढून देतो, त्याला काढू देऊ नका, उद्या तुम्हालाच काढायची आहे.

हे एवढं का सांगतेय, तर नवीन माणसाची गाडी पडते ती जास्त करून उभ्या उभ्या नाहीतर चालण्याच्या वेगात. महाद्वार रोडला संध्याकाळची गर्दी, किंवा गंगावेशीत पुढं रिक्षा थांबलीय, मागं टेम्पो, डावीकडं भाजीची गाडी, अशा ठिकाणी गाडी एका बाजूला थोडी कलली की 112 किलो पायानं सावरता येतं, 140 ला मला ते जमलं असतं असं वाटत नाही. अजून एक, हँडल वळलेलं असताना कमी वेगात पुढचा ब्रेक खच्चून दाबला की गाडी त्याच बाजूला खाली बसते, म्हणून गर्दीत अर्धा क्लच, थोडी रेस आणि पायाचा ब्रेक हलका, एवढंच वापरायचं. मी हे आधी रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानात शिकले, दादा शेजारनं चालत होता. क्लच हलका असल्यामुळं बोटं दुखत नाहीत, आणि कुठं सोडायचा तो पॉइंट हाताला लगेच कळतो, शिकणाऱ्याला याच्यासारखी मदत नाही.

गिअर चार आणि चारही पंजानं पुढं खाली दाबायचे, कमी करताना टाचेनं मागं. सोपं आहे, न्यूट्रल पण पटकन सापडतं. पण हे आधीच माहीत पाहिजे की पल्सर, रायडर वगैरेला पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, म्हणजे पहिला सोडून बाकीचं उलटं. दादाची गाडी घेऊन बघायची असेल तर आधी मोकळ्या रस्त्यावर बघा, नाहीतर सवयीनं पाय पुढं जाणार आणि गिअर वाढायच्या ऐवजी कमी होणार, गाडी एकदम झटका देते. शाईन 100 ला मात्र स्प्लेंडरसारखेच चार पुढं. ती पण मी बघितली होती, 99 किलो, म्हणजे अजून हलकी, उंची माझ्यापेक्षाही कमी असेल तर ती नक्की बघा. मी स्प्लेंडर घेतली ती पप्पांकडं जुनी असल्यामुळं, गल्लीतल्या मिस्त्रीला तिचा नटन्‌नट माहीत आणि स्पेअर कळ्यात पण मिळतात.

सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की पाचेक सेकंदात इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की परत चालू. सुरुवातीला याचं टेन्शन येतं, मग या सोयीचं (i3S) स्विच बंद करून ठेवा, हात बसला की चालू करा. मी आता सायबर चौकात चालूच ठेवते.

ब्रेक. दोन्ही चाकांना ड्रम. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोड-ब्रेक सक्तीचा झालाय, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो. हे चांगलंच आहे, पण त्याच्यावर विसंबून हाताचा ब्रेक सोडून देऊ नका, ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढं येतं त्यामुळं खरी गाडी थांबवतो तो पुढचाच. हे मला नीट समजलं ते उसाच्या सीझनला. फुलेवाडी सोडलं की बालिंगा, तिथनं कळ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेला ऊस, पाचट, आणि शेतातनं चाकाला लागून आलेला चिखल. ओल्या पाचटावर टायर अजिबात धरत नाही. तिथं ब्रेक मारायची वेळच येऊ द्यायची नाही, लांबनंच रेस सोडायची, तिसरा करायचा, गाडी इंजिनवर हळू होऊ द्यायची आणि पाचट सरळ ओलांडायचं, वर असताना हँडल हलवायचं नाही. रात्री बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा काय, रिफ्लेक्टर पण नसतो, त्यामुळं अंधार पडायच्या आत गाव सोडायचं हा माझा नियम आहे. वळवाच्या पहिल्या पावसात पण तसंच, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून निसरडं होतं, थोडं थांबा, चहा प्या, मग निघा.

पन्हाळ्याला गेले होते, केर्लीवरनं वाघबीळ आणि वर घाट. एकटी असताना तिसऱ्यावर आरामात चढते, मैत्रीण मागं बसली तर दुसरा लागतो, तेवढं इंजिनला मान्य करावं लागतं. उतरताना न्यूट्रलवर पेट्रोल वाचवत उतरणारे बघितले, कृपा करून तसं करू नका, ड्रम तापले की ब्रेक धरत नाहीत. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा.

हायवेचं दादाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. उजळाईवाडी ते गोकुळ शिरगाव एवढ्या पट्ट्यात 50-60 ला गाडी छान चालते, त्याच्या पुढं कुठल्याही शंभर सीसीसारखी व्हायब्रेशन येतात आणि ओव्हरटेकला दम उरत नाही. मी सर्व्हिस रोड असेल तिथं सर्व्हिस रोडच धरते, ट्रकला ओव्हरटेक करायची घाई करत नाही. मोठा ट्रक जोरात जवळनं गेला की वाऱ्याचा धक्का बसतो, गाडी हलकी असल्याचा तेवढा तोटा, हँडल आवळून न धरता गुडघ्यांनी टाकी धरली की गाडी सरळ राहते.

पैशाचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरनं 18 टक्के झाला, त्यामुळं दसऱ्याचा मुहूर्त मला चांगला सापडला. ऑन रोड किंमत विचारताना प्रत्येक ओळ लिहून मागा. थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा घ्यावाच लागतो, पण ॲक्सेसरीजचं पॅकेज घ्यावंच लागतं असं कोण म्हणालं तर ऐकू नका. वाचलेल्या पैशात आयएसआयचे दोन हेल्मेट घ्या, मागच्याचं डोकं पण डोकंच आहे. ॲव्हरेज मला साठच्या पुढंच पडतंय, टाकी 9.8 लिटरची, एकदा फुल्ल केली की बरेच दिवस पंपाकडं बघायला नको. पहिली सर्व्हिसिंग वेळेत करा, नव्या इंजिनचं ऑइल लवकर बदललेलं बरं. चेन कव्हरच्या आत असते त्यामुळं धूळ कमी बसते, पण दिसत नाही म्हणून विसरून जायला होतं, कव्हरचं रबरी बूच काढून सैल झालीय का बघत जा.

लायसनचं पोरींना मुद्दाम सांगते. बिनगिअरच्या गाडीचं लायसन वेगळं असतं, त्याच्यावर मोटरसायकल चालवता येत नाही, काही झालं तर विम्याची पण भानगड. लर्निंग काढतानाच गिअरसहित काढा, ते 6 महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते, हे 30 दिवस मैदानात घालवा.

रोज डबल सीट जायचं असेल, किंवा गगनबावडा, आंबा घाट असं वरचेवर होणार असेल, तर मात्र 125 बघा, पाच गिअर मिळतात आणि चढाला फरक पडतो. पण ती सुद्धा स्वतः ढकलून, वळवून बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका.