औद्योगिक वसाहतीजवळचे सरकारी हायस्कूल : निकाल आणि पट

गोव्यातील फोंडा तालुक्यात औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावातील हे सरकारी हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत चालते, आणि पालक म्हणून त्याचा आतून परिचय झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण येथील वर्ग इतके लहान आहेत की नाव दिल्यास निकालाच्या आकड्यामागचे मूल गावात कोणालाही ओळखता येईल.

चौकशीला येणारा प्रत्येक पालक आधी दहावीचा निकाल विचारतो. गोवा शालान्त मंडळाचा राज्याचा निकाल २०२४ साली ९२.३८ टक्के आणि २०२५ साली ९५.३५ टक्के होता. या शाळेचा निकाल एका वर्षी शंभर टक्के लागतो, तर पुढच्या वर्षी राज्याच्या सरासरीच्या बराच खाली येतो, आणि त्यावरून गावात शाळा सुधारली किंवा बिघडली अशी चर्चा रंगते. वस्तुतः वीस मुलांच्या वर्गात दोघे नापास झाले की दहा टक्के कमी होतात, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून शिक्षकांचे मोजमाप करणे योग्य नाही. निदान चार-पाच वर्षांचे निकाल एकत्र पाहावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाचवीत नाव घातलेल्यांपैकी किती मुले दहावीच्या परीक्षेला बसली, हे विचारावे. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच असल्यामुळे नववी ही खरी गाळणी ठरते, आणि नववीत जे गळतात ते दहावीच्या टक्केवारीत कोठेच दिसत नाहीत. शंभर टक्के निकालाच्या जाहिराती लावणाऱ्या शाळांनाही हाच प्रश्न विचारला, तर अनेक फलक उतरवावे लागतील.

निकालाचा अर्थ लावण्यासाठी पट पाहावा लागतो. स्थानिक मुलांमध्ये गावडा समाजाची मुले बरीच आहेत (गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला). उरलेल्यांत मोठा भाग कारखान्यांत आणि बांधकामांवर काम करणाऱ्यांच्या मुलांचा आहे. त्यांची घरे मूळची उत्तर कर्नाटकातील, तर अलीकडे उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातीलही आहेत. गावातील बऱ्या परिस्थितीतील घरांची मुले मात्र येथे जवळजवळ नाहीत. त्यामागे पालकांच्या हौसेइतकेच सरकारी धोरणही आहे. १९९० पासून प्राथमिक स्तरावर अनुदान फक्त कोकणी आणि मराठी माध्यमाला मिळत असे. २०११ साली ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले, आणि त्या शाळांत गेलेली मुले पुढे बहुधा त्याच संस्थांच्या हायस्कुलांत राहतात. शिवाय अनुदानित शाळांना मुलांची ने-आण करण्यासाठी सरकारनेच ‘बालरथ’ नावाच्या बस दिल्या, त्यामुळे सकाळी पिवळी बस सरकारी हायस्कूलच्या फाटकासमोरून गावची मुले भरून फोंड्याला घेऊन जाते. सरकारी शाळेचा पट का घटतो, यावर समित्या नेमणाऱ्यांनी ही बस एकदा पाहावी.

शिकवण्याची सर्वांत कमकुवत बाजू पाचवीत आढळते. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला पाचवीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते, आणि या संक्रमणासाठी शाळेकडे स्वतंत्र वेळ नाही, साहित्य नाही, पुरेसे शिक्षकही नाहीत. शिक्षक पाठ इंग्रजीत वाचतात आणि अर्थ कोकणीत सांगतात. मुलांना विषय समजतो, परंतु उत्तर लिहिताना शब्द सापडत नाहीत. ज्या घरात कन्नड किंवा भोजपुरी बोलली जाते, तेथे तर कोकणीतील स्पष्टीकरणही पहिल्या वर्षी अर्धेच कळते. त्यात लेक्चर बेसिसवरील (म्हणजे तासिकेप्रमाणे मानधनावर नेमलेले, कायम नसलेले) शिक्षक वर्षाच्या मध्यात बदलले की इयत्तेचे गणित विस्कटते. आमच्या मुलीच्या सहावीत असेच झाले, आणि त्या वर्षीची अपूर्णांकांची उणीव आठवीपर्यंत पुरली.

याउलट आठवी ते दहावीचे काम पाहून या शाळेविषयी आदर वाटतो. शाळा सुटल्यावरचे रेमेडियल, म्हणजे कच्च्या मुलांसाठीचे जादा वर्ग येथे नावापुरते नसतात. प्रिलिमनंतर प्रत्येक शिक्षकाकडे कच्ची चार-पाच मुले वाटून दिली जातात, आणि एखादे मूल दोन दिवस आले नाही तर हेडमास्तर स्वतः भाड्याच्या खोल्यांपर्यंत चौकशीला जातात. मध्येच दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला दाखल्याच्या कागदांसाठी ताटकळत ठेवले जात नाही, ही गोष्ट तालुक्यात सर्वत्र गृहीत धरता येत नाही. कोडिंग आणि रोबोटिक्सच्या राज्य योजनेतील वर्ग नियमित होतात, आणि त्यांत इंग्रजीत मागे पडलेली काही मुले सर्वांत पुढे असतात. मैदान बरे आहे. खेळातील प्रावीण्याचे गुण मंडळाच्या निकालात धरले जातात, ही माहिती मुलांना आठवीतच दिली जाते, याचाही लाभ होतो.

हजेरीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, पण परराज्यांतील कुटुंबांचे गावी जाण्याचे दिवस तेच राहिले. जी मुले एप्रिलच्या आरंभी निघून जूनच्या मध्याला परततात, त्यांचे पहिले धडे कायमचे सुटतात. शिष्यवृत्तीचीही अडचण आहे: राज्याच्या अनेक सवलतींसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि तो नसल्याने ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच यादीबाहेर राहतात. माध्यान्ह आहार बचतगटाकडून येतो आणि ताजा असतो, मात्र तो आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे नववी-दहावीची मुले रेमेडियल वर्गाला उपाशीपोटी बसतात. पालक-शिक्षक संघाने यावर गावातून काही उभे करता येते का, ते पाहायला हवे.

वाचनालयाचे कपाट बहुधा कुलूपबंद असते. प्रयोगशाळा साधारण आहे.

नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलासाठी चढाओढ हवी असेल, तर ती येथे मिळणार नाही. वर्गात तसे सोबती थोडे आहेत. मूल अभ्यासात मध्यम असेल, किंवा मध्येच शाळा बदलून आले असेल, तर आठवीपासून याच शाळेत घालावे असे आमचे मत आहे. पाचवीत घालायचे असल्यास इंग्रजीची पहिली दोन वर्षे घरी किंवा शेजारच्या कोणाकडून सांभाळण्याची तयारी ठेवावी, आणि प्रवेश घेतानाच गणिताचे शिक्षक कायम आहेत की लेक्चर बेसिसवर, हे कार्यालयात विचारून घ्यावे. दहावीनंतर येथील मुले फोंड्याच्या उच्च माध्यमिक विद्यालयांत किंवा फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये जातात. त्यासाठीचे अर्ज शाळेचे शिक्षकच सोबत बसून भरून देतात.